एक्केचाळीस नावं

चंपतरावांचा लढा इतिहास कधीही विसरणार नाही, असं निमंत्रणपत्रिकेवर सोनेरी शाईत छापून झालं होतं. तो लढा कोणत्या साली झाला, एवढंच सत्कार समितीत कुणाला ठाऊक नव्हतं.

समिती म्हणजे दोघं. नार्नूरहून गावच्या शाळेत बदलून आलेले अमरदीप सर, आणि बोथच्या एका कचेरीत कारकून असलेल्या वृषाली मॅडम. खालच्या आळीतून निवडून आलेल्या मेंबराला पंचायतीत जमिनीवर नव्हे, खुर्चीवर बसू द्या, म्हणून चंपतराव नऊ दिवस पंचायतीच्या पायरीवर बसले. पुढे सगळ्यांना पोलिसांनी उचललं. महिनाभर तुरुंग झाला. मग खुर्ची मिळाली. इतपत दोघांनी ऐकलं होतं. पण मानपत्र दीड पानाचं होतं, आणि यात अर्धं पानही भरत नव्हतं.

खुद्द चंपतरावांना विचारावं, तर ब्याऐंशी वर्षांचा माणूस एवढंच सांगायचा.

"मी एकटा नवतो. समदे होते."

"समदे म्हणजे कोण कोण, बाबा?"

"गेले ना आता."

आणि ओट्यावरून समोरच्या लिंबाकडे बघत बसायचे. बायको जयवंताबाई गेल्यापासून त्या घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

एका दुपारी नागोराव आपण होऊन शाळेत आले. वरच्या आळीतले, अठ्ठ्याहत्तरीचे, स्वच्छ धोतर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. कागदावर एक्केचाळीस नावं होती. अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. प्रत्येकाचं वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, घर कोणत्या बोळीत, सगळं. खाली तारीख, फेब्रुवारी एकोणीसशे त्र्याऐंशी.

वृषाली मॅडम हरखल्या. "आजोबा, वयंसुद्धा लिहिली तुम्ही?"

"लिवायचं तं पुरं लिवा लागते, बाई."

"पण यात तुमचंच नाव नाही."

"लिवनाऱ्याचं नसते."

अमरदीप सरांना भरून आलं. वरच्या आळीतला माणूस लढ्यात होता, आणि नावाचाही मोह नाही. त्यांनी जागच्या जागी सत्कारात एक शाल वाढवली.

"तुमी कुठं बसायचे, काका?"

"समोरच होतो," नागोराव म्हणाले. मग कागदाची घडी उगाच सारखी करत राहिले. "माह्यी एकच अट हाये, सर. यादी मी वाचन. चंपतच्या समोर."

"त्यात काय अवघड?"

"तो माह्याशी बोलत नाई. बेचाळीस वर्षं झाली. चार लोकांत तं बोलन."

"काऊन बोलत नाहीत?"

"त्याले माहीत."

अमरदीप सरांनी पुढं खोदलं नाही. चळवळीतली माणसं म्हातारपणी फाटतातच, बहुधा कुणाच्या तरी तिकिटावरून, असा त्यांचा अनुभव होता.

नागोरावांची बायको वारली होती. मुलगा प्रज्वल हैदराबादेत. दर रविवारी फोन करायचा आणि जेवलात का विचारून ठेवून द्यायचा. उरलेले सहा दिवस त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. रोज संध्याकाळी ते खालच्या आळीतून फिरून यायचे. चंपतरावांच्या ओट्यापाशी आले की चप्पल नीट करायला थांबायचे. चंपतराव लिंबाकडे बघायचे. गावात इतकी नीट केलेली चप्पल दुसऱ्या कुणाची नव्हती.

सत्कार शाळेच्या पटांगणात झाला. खुर्च्या शंभर, माणसं तीस. गाव मराठी, पण कचेऱ्या तेलुगू, म्हणून दोन भाषणं तेलुगूत झाली, एक मराठीत. तिन्हींत चंपतराव दीपस्तंभ होते. मग नागोराव उठले. सुरुवातीला आवाज कापला, पण दुसऱ्या नावापासून एकदम लागला.

"बंडू सटवा, वय बावीस."

कुणी हललं नाही.

"ताराबाई किसन, वय पन्नास."

पाहुण्यांनी मोबाइल काढला.

"जयवंताबाई चंपत, वय चौतीस."

"हजर," चंपतराव म्हणाले.

पाहुण्यांनी मोबाइल खाली ठेवला. वृषाली मॅडमनी पदर डोळ्यांना लावला. पुढच्या प्रत्येक नावाला चंपतरावच हजर म्हणत गेले. गेलेल्यांना, परगावी गेलेल्यांना, पोरं सोडून गेल्यावर एकटे मेलेल्यांना. शेवटी ते स्वतःच्या नावाला हजर म्हणाले.

"आता," अमरदीप सर माइकवर म्हणाले, "ज्यांच्यामुळं ही नावं आपल्यापर्यंत पोचली, त्या नागोरावांना चंपतरावांच्या हस्ते शाल."

चंपतराव काठी टेकत उठले. नागोरावांनी मान खाली घातली. शाल खांद्यावर पडली.

"चंपत," नागोराव हळूच म्हणाले, "काई तं बोल."

चंपतरावांनी माइक जवळ ओढला.

"आवाज अजून तसाच हाये तुमचा, नागोराव."

नागोरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. टाळ्या सुरू झाल्या. तीस माणसांच्या मानानं खूपच मोठ्या. चंपतरावांनी त्या थांबेपर्यंत वाट पाहिली आणि लोकांकडे वळून सांगितलं,

"ठाण्यात ही यादी यायनंच नेऊन देल्ली होती. मंग तिथं वाचूनबी यायलेच दाखवा लागली. फौजदाराले मराठी येत नवतं."