बाळूची वही

कंपनीतली तांब्याची तार चोरून बाळू दीड वर्ष आत राहून आला, तोवर नवी पद्धत सुरू झाली होती. सुटलेल्या माणसाने चौकीत खेटे घालायचे नाहीत. गावातल्या एका भल्या माणसाने दर रविवारी त्याच्या वहीत ‘वर्तन चांगले’ लिहून सही करायची. महाळुंग्यात बाळूला हा भला माणूस मिळाला तो वर्षाराणीच्या वडिलांच्या, कोंडीरामआप्पांच्या रूपाने.

आप्पांचा तेरावा उरकला आणि पुढच्याच रविवारी बाळू वही घेऊन माहेरी राहायला आलेल्या वर्षाराणीच्या दारात उभा राहिला.

“वर्षाताई, आता सही तुमी करा. न्हाईतर मला परत चौकी, अन् दर आठवड्याला शिफ्ट बुडती.”

चोराची हमी आपण कशी घ्यायची, म्हणून वर्षाराणीने आधी वही चाळली. पुढच्या पानांवर आप्पांच्या सह्या होत्या. मागच्या पानांवर मात्र बाळूचं अक्षर होतं.

‘आप्पांनी बीपीची गोळी घेतली नाही. समोर बसवून घ्यायला लावली.’

‘देव्हाऱ्यामागे पेढे लपवलेले सापडले. मुद्देमाल जप्त. आप्पांना समज देऊन सोडले.’

‘आप्पांचे वर्तन सुधारत आहे.’

“हे काय रे, बाळू?”

“आप्पाच म्हनले, मी तुझ्यावर नजर ठेवतो, तर तू बी माझ्यावर ठेव. पोरगी लांब रावेतला हाय.”

वर्षाराणीने ‘वर्तन चांगले’ लिहून सही केली.

 

बाळूने वही उलटी करून पेन उघडलं. “ताई, सकाळपासनं काय खाल्लंय? खरं सांगा, लिवावं लागतं.”