कॅप्टनचे दात

“मुलांना आइस हॉकी शिकवायला शांत डोक्याचा माणूस हवा,” असं म्हणत मॅनेजरनं कामावरून काढल्याचं पत्र टेबलावरून पुढे सरकवलं. “मारामाऱ्यांत मुरलेला कोच आता क्लबला चालत नाही, लॉर्न.”

लॉर्ननं पत्र उचललं. छोट्या गावांच्या लीगमध्ये अकरा वर्षं दोघं एकाच संघातून बर्फावर उतरले होते. मॅनेजर तेव्हा कॅप्टन होता. गोल करायचा, टाळ्या घ्यायचा. कॅप्टनच्या अंगावर कोणी धावून आला की त्याला लोळवायचं, एवढ्याचसाठी लॉर्नला संघात घेतलं होतं. खेळणं थांबल्यावर कॅप्टन मॅनेजर झाला आणि लॉर्न गावातल्या पोरांचा कोच.

पत्रासोबत त्याच्या मारामाऱ्यांची यादी जोडली होती, मॅनेजरच्या अक्षरात, तारीखवार. एकही सुटली नव्हती. सुटेल कशी? प्रत्येक वेळी हा लॉर्नच्या पाठीमागेच तर लपलेला असायचा.

“मनाला लावून घेऊ नकोस,” मॅनेजर हसला. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते.

लॉर्ननं तोंडातली कवळी काढली आणि यादीवर ठेवली.

“हे दात तुझे पडायचे होते,” बोळक्या तोंडानं तो म्हणाला. “आता तूच सांभाळ.”