काम झालं की सोडायचं

जामखेडच्या वस्तीवर घरी बसूनच हर्षलने लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याला, दुरुस्तीचा पॅच मारला. दोन वेगवेगळ्या पद्धतींची व्हर्च्युअल मशिन्स पहिल्यांदाच एका लॅपटॉपवर एकत्र चालली, आणि तो आनंदाने ओरडलाच.

"आसं काय जमलं रं?" ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या वडिलांनी, कानिफदादांनी, विचारलं.

"दादा, दोन सॉफ्टवेअर हायेत. दोघांनाबी प्रोसेसरची एकच सोय लागती. पन एक सुरू झालं, की काम असू दे नाहीतर नसू दे, ती धरूनच बसायचं. दुसरं बिचारं ताटकळत. आता मी पॅच मारून पहिल्याला लावून दिलंय, काम असलं तरच घ्यायचं, झालं की सोडायचं."

दादा पोट धरून हसले. "ही तर आपल्या बन्सीतात्याची गत! आमच्या दोघांच्या सामाईक इहिरीत पानी एका मोटरीपुरतं, आन ह्यो गडी मोटर ऑटोवर टाकून गावात हिंडतो. लाईट आली की ह्याची आपोआप सुरू. भिजलेलं रान पुन्हा भिजवतो. आत्ताबी तेच चाललं आसंल, बघ!"

तेवढ्यात बांधावरून तात्यांचीच हाक आली. "आरं कानिफ, तुझी मोटर बंद कर की! तुझ्या रानातलं पानी पार रस्त्यावर आलंय, आन हिकडं माझा कांदा वाळून चाललाय!"

दादांनी मांडीवरची टरफलं झटकली, पायात चपला सरकवल्या आणि जाता जाता हळूच विचारलं,


"तुझा त्यो पॅच... आपल्या मोटरीच्या स्टार्टरला बसतो का रं?"