ग्लासवरचा हात

सरोजिनीबाईंच्या आजोबांचं जहाज बुडालं, तेव्हा एका फळीवर दोघं तरंगत होते आणि गोड्या पाण्याचा फिरकीचा तांब्या एकच होता. किनाऱ्याला आजोबा एकटेच लागले. समुद्र नजरेलाही नको म्हणून ते इंदूरला आले, पण जेवताना पाण्याच्या ग्लासवरचा डावा हात त्यांनी जन्मभर काढला नाही. घरात सगळ्यांना तीच सवय लागली.

विजय नगरच्या फ्लॅटमध्ये बाई एकट्याच जेवत होत्या. व्हिडिओ कॉलवर मुलगा, पीयूष, हसला. "आई, छोड ना तो ग्लास! कोण छीनतंय तुझ्याकडून?"

त्याही हसल्या. कॉल संपल्यावर त्यांनी हात काढला.

ग्लास सावकाश सरकत समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे थांबला. पाणी घोटाघोटानं उतरू लागलं. निम्मं उरलं, तसा ग्लास बाईंच्या पुढ्यात परत आला.