निळी वही निम्म्या किमतीत

निवृत्त वजनमाप निरीक्षकांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि वेबसाइटचा पत्ता एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"काका, अडीच वर्षं त्याच दुकानातून वही मागवताय," शेजारी बसलेला लाँड्रीवाला म्हणाला. पार्सल त्याच्या नावाने खाली त्याच्या लाँड्रीत यायचं, म्हणून चौकशीचा हक्क आपला आहे असं तो धरून चालला होता. "दर वेळी काय एवढं तपासायचं?"

"पाटी तीच असते. आत माणूस तोच असेल कशावरून?"

"पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय की."

"कुलूप चोरही लावतो. वाटेत कोणी चोरून ऐकत नाही, एवढंच ते सांगतं. आत कोण बसलंय ते नाही सांगत."

लाँड्रीवाल्याने कोपरापासून हात जोडले आणि तो इस्त्रीकडे परतला. घर पुन्हा गप्प झालं.

काकांची उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली होती. ती खोड घरातही शिरली. मुलीने लग्नाचं ठरवलं तेव्हा ते त्या मुलाच्या कचेरीत गेले, घरमालकाला भेटले, शेजाऱ्यांनाही विचारून आले. वावगं काहीच सापडलं नाही. मुलीला मात्र सगळं कळलं.

"माणसं तराजूत घालतात का, बाबा?" तिने विचारलं. दारात चपला घालताना म्हणाली, "आता पहिला फोन तुमचा यायला हवा."

त्याला अकरा वर्षं झाली. मुलगी बापासारखीच, शब्दाची पक्की. काकांचा हात फोनपर्यंत जायचा आणि तिथून परत यायचा. चुकलो, हे एका शब्दाचं काम त्यांना कधी जमलं नाही.

ती हाताने वह्या बांधून विकते हे त्यांना उडत उडत कळलं. तेव्हापासून दर महिन्याला एक निळी वही. नाव लाँड्रीवाल्याचं, फोन नंबर मात्र स्वतःचा. खोटा नंबर देणं तत्त्वात बसत नव्हतं. कपाटात तीस वह्या कोऱ्या पडून होत्या. लिहायला होतं काय? पण प्रत्येक वहीत तिच्या हातची चिठ्ठी असायची: 'मनापासून आभार.' त्या चिठ्ठीसाठी हा सगळा उपद्व्याप.

आज सकाळी फोनवर निरोप आला होता: निळी वही निम्म्या किमतीत, इथे दाबा. निरोपातून आलेल्या दुव्यावर जायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. पण निम्मी किंमत त्यांनी दोनदा वाचली. दुकान बुडतंय की काय? पैसे भरायचे नाहीत, नुसतं बघायचं, असं ठरवून त्यांनी पान उघडलं होतं.

रंग तेच. कुलूपही होतं. पण पत्त्याचं शेपूट वेगळं निघालं. संपर्काचा नंबर नाही, माल परत करण्याचे नियम नाहीत, पैसे घेणाऱ्याचं नाव भलतंच. आणि दुकानात वस्तू एकच, ती निळी वही.

"चोरसुद्धा आळशी," काका पुटपुटले आणि कागदावर पाच फुल्या मारल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं. लोक फसणार, आणि शिव्या तिला बसणार. मेल पाठवली तर ती कधी वाचणार? खोट्या पानावर तर नंबरच नव्हता. खरा नंबर गेल्या पार्सलच्या खोक्यावर होता. त्यांनी तो दोनदा पडताळला, घसा खाकरून आवाज जाड केला आणि फोन लावला.

"नमस्कार, वह्यांचं दुकान." आवाज तसाच होता.

"मॅडम, मी एक गिऱ्हाईक बोलतोय. कोणीतरी तुमच्या दुकानाची नक्कल केलीय. पाच खुणा आहेत, लिहून घ्या."

त्यांनी पाचही सांगितल्या. पलीकडे कागद-पेन्सिलीचा काही आवाज आला नाही.

"कुलूप होतं पत्त्याशेजारी?" तिने विचारलं.

"होतं. पण कुलूप चोरही लावतो."



"तुम्ही पैसे भरले नाहीत ना?"

"छे! पण बाकीच्यांना लगेच कळवा. असले निरोप शेकड्यांनी जातात."

"नाही," ती म्हणाली. "एकच पाठवला होता, बाबा. पान मीच बनवलं होतं."