अजून थोडा भात

सकाळचं इंजेक्शन सलाइनमधून संपलं आणि नर्सने नळी काढली. स्टेरॉइडचा हा शेवटचा मोठा डोस. व्रणांनी आधीच आखडलेली नवऱ्याची फुफ्फुसं या आठवड्यात एकदम ढासळली होती आणि यापलीकडे डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत ऑक्सिजन कमी करता आला तर ठीक. नाहीतर श्वासाच्या मशीनवर ठेवायचं की घरी न्यायचं ते बोलू, असं त्यांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

तिने मान डोलावली होती. पण तिचं माप वेगळंच होतं. शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर याच औषधावर होता. त्याला अशी खा-खा सुटली की वॉर्डातल्या निम्म्या लोकांचे पाव त्याने फस्त केले, आणि परवा तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. "तुम्हाला भूक लागली की समजायचं, औषध लागू पडलं," असं तिने नवऱ्याला काल दहादा ऐकवलं होतं.

"भूक लागलीय," तो आज म्हणाला.

तिच्या जिवात जीव आला. लगबगीने तिने डबा उघडला. भाज्या घालून शिजवलेला मऊ भात. मास्क बाजूला करायचा, घास घ्यायचा, मास्क परत लावायचा, मग धाप ओसरेपर्यंत थांबायचं. अर्ध्यावर येईतो भात गार झाला.

"कसा झालाय?"

"छान."

तिला हसू आलं. जन्मभर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी असलेला माणूस. घरी पानावर बसला की आधी नाक मुरडायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याच्या तोंडून 'छान' ऐकायला हॉस्पिटल गाठावं लागलं.

"अजून आहे का? वाढ थोडा."

दुपारी मुलगी आली. "आई, तू आता बाहेर बसून दोन घास खा. डोळे बघ कसे झालेत."

बाहेरच्या बाकावर बसून तिने उरलेला भात तोंडात घातला. अळणी. तिने दुसरा घास घेऊन पाहिला. मीठच पडलं नव्हतं. पहाटे उभ्या उभ्या झोपेतच शिजवला होता.

चिमूटभर मीठ कमी पडलं तरी ताट सरकवणारा माणूस. तोंडाला चव नाही म्हणावं, तर सकाळीच त्याने पाणचट म्हणून चहा परत पाठवला होता. मग तिला कळलं. भूक नव्हतीच त्याला. तिने बघावं म्हणून तो एकेक घास दम घालवून गिळत होता.

तिला रडू आलं, पण रडायलाही अंगात त्राण लागतं. तिने डबा बंद केला.

"जेवले का आज?" राउंडला निघालेल्या डॉक्टरबाईंनी जाता जाता विचारलं.

"हो. मागून मागून जेवले." ती उठली. "डॉक्टर, संध्याकाळी बोलायचं होतं ना, ते आत्ताच बोलू. घरी न्यायचं म्हटलं, तर ऑक्सिजनची सोय कशी करायची?"

डॉक्टरबाई थांबल्या.

"आणि आत गेलात की त्यांना तेवढं सांगा," ती म्हणाली, "जेवण जातंय, म्हणजे औषध लागू पडतंय."