तिबोला बेटावर सोडताना

अर्धी पिशवी कोळसा. नातवंडांचे लाल सदरे, भूतबाधा होऊ नये म्हणून. बर्फात बांगडे. पोलक्याला टाचलेली काळी फीत. रुफिनोच्या नखांत वाळलेलं सिमेंट, कबरीवर फरशी बसवतानाचं. सहलीला आलेलं कुटुंब.

होडी वाळूला लागली तसं बेलेनने सगळ्यांना बजावलं, संध्याकाळपर्यंत इथून कुणी हलायचं नाही.

मातीवरून थेट घरी जायचं नसतं. वाटेत कुठेतरी थांबायचं, चार घास खायचे. मेलेला माणूस मागोमाग आलाच, तर तिथेच रेंगाळतो आणि घराची वाट चुकतो. साध्यासुध्या मेलेल्याला कोपऱ्यावरच्या दुकानात एक सरबत पुरतं. पण हा तिबो होता. जिवंतपणी कुणाकडे जेवायला गेला की महिनाभर उठायचा नाही. म्हणून बेलेनने आपल्या बापासाठी अख्खं बेट निवडलं होतं.

घर आता तिचं होतं. पत्रे तिने घातले होते, आई आणि भाऊ रुफिनो तिच्याच चुलीवर जेवत होते. त्या घरात तिला बाप नको होता. हाडामांसाचा तर तिने कधीच येऊ दिला नव्हता. आता त्याशिवायचाही नको होता.

सहल झकास झाली, हे मान्य करायला हवं.

त्यांनी बेट पालथं घातलं. पलीकडच्या बाजूला खडकात पाणी साचलं होतं, त्यात निळे तारामासे होते. नातवंडांतल्या जोमारने एक उचलला आणि आयराच्या पाठीवर ठेवला. रुफिनोने गुडघाभर पाण्यात उतरून हिरव्या मण्यांचं शेवाळ तोडलं. बांगडे भाजले. नारळाच्या पात्यांत विणून शिजवलेला भात सोडला, शिरक्यात मिरची चुरडली. केळीच्या पानावर सगळ्यांनी मिळून हात मारला. तिबोसाठी बाजूला घास काढू नका, असं बेलेनने आधीच सांगून ठेवलं होतं.

त्याची बायको साबेल केतकीच्या सावलीत बसली होती. ती रडेल अशी बेलेनला धास्ती होती, कारण रडलं की मेलेला चिकटतो. पण म्हातारी रडली नाही. तिने नवऱ्याला सोलायला घेतलं.

म्हणाली, धुतलेल्या सदऱ्यात तो आज पहिल्यांदाच दिसला, तोही दुसऱ्यांनी घातला म्हणून. म्हणाली, पोटच्या पोरांची नावं विसरायचा, झुंजीच्या कोंबड्यांची कधी विसरला नाही. मग त्या सुकी मासळी विकणाऱ्या बाईकडे राहायला गेला. बाईच्या नाकाला कसलाच वास येत नसणार. पण वर्ष झालं नाही तोवर तिनेही हाकललं. मग जिथे आज त्याला पुरलं त्या टोकाच्या बेटावर, भावाच्या ओसरीत. मरायलासुद्धा दुसऱ्याची खुर्ची.

रुफिनोला हसू आवरेना. जोमार आजोबांसारखा पोट पुढे काढून वाळूत चालून दाखवू लागला. साबेलने त्याला सुधारलं. तसा नाही, म्हणाली, डावा पाय ओढायचा, जसं काही जगाने त्याच्यावर बसून त्याला दमवलंय.

बेलेन खूष होती. आईच्या प्रत्येक शिवीनिशी घराच्या दाराला आणखी एक कडी बसत होती.

उन्हं कलली. भरती आली. होडीवाल्याने इंजिन सुरू केलं.

परक्या जागेहून निघताना घरातल्या मोठ्याने एकेकाला नावाने हाक मारायची असते. नाहीतर माणूस घरी पोचतो आणि त्याचा जीव तिथेच राहतो, मग पोरं तापाने फणफणतात. सगळे होडीत बसले. साबेल घोटाभर पाण्यात उभी राहिली, झाडांकडे तोंड करून.

जोमार, चल घरी. आयरा, चल घरी. रुफिनो, चल घरी. बेलेन, चल घरी. मग स्वतःलाच, साबेल, चल घरी.

झालं होतं. होडीवाल्याने बांबू टेकवला. साबेल चढली नाही. ती केतकीखालच्या सावलीकडे बघत होती. तिथे भाताच्या रिकाम्या पुड्यांशिवाय काही नव्हतं.

“आणि तू, निलाजऱ्या,” ती म्हणाली. “बसलायस काय? चल घरी.”

इंजिन फटफटत राहिलं. बेलेनचा चेहरा पांढरा पडला. मग ती घाईघाईने, दुकानात हिशेब चुकल्यासारखी बोलली.

“नाव नाही घेतलं. आई, तू नाव नाही घेतलंस. ते धरलं जात नाही.”

साबेलने लेकीकडे पाहिलं. दिवसभर मेलेल्याला शिव्या देताना होती, तीच नजर. मग पुन्हा किनाऱ्याकडे वळली आणि बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव घेतलं, म्हणजे कुणाला शंका नको.

“तिबुर्सियो. चल घरी.”

ती होडीत चढली. रुफिनो फळीवर थोडा सरकून बसला, आणखी एका माणसापुरता.

तिबो पहिल्यांदा घर सोडून गेला त्या सकाळी साबेल खिडकीत उभी होती, आणि तो फाटकापाशी थांबून चपलेचा अंगठा नीट करत रेंगाळला, तरी तिने त्याला हाक मारली नव्हती.